पाण्याची वही आणि कोफाचे डोंगर

सहाव्या दिवशी सकाळी ग्रे टँकचा, म्हणजे सांडपाण्याच्या टाकीचा, लाल दिवा लागला. आमच्या आरव्हीत, म्हणजे घरासारख्या राहायच्या गाडीत, स्वच्छ पाणी मावतं १९० लिटर, सांडपाणी १५० लिटर. पाणी दहा दिवस पुरेल असा माझा हिशेब होता, पण सांडपाण्याची टाकी आधी भरेल हे ध्यानातच आलं नव्हतं. आणि वाळवंटात भांड्यांचं पाणीसुद्धा जमिनीवर ओतायला बंदी.

आम्ही उतरलो होतो ॲरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटजवळ, ला पोसाच्या सरकारी माळावर. तिथे १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल लांब मुक्कामाची सोय असते. त्या हिवाळ्यात पूर्ण हंगामाचे १८० डॉलर होते आणि १४ दिवसांचे ४०. आम्ही १४ दिवसांचा परवाना घेऊन स्टिकर काचेला लावलं आणि जागा निवडली. आखलेले प्लॉट नाहीत, नळ-वीज जोडणी नाही. गावाच्या बाजूला डम्प स्टेशन, म्हणजे सांडपाण्याची टाकी रिकामी करायची जागा, आणि पाणी भरायची जागा आहे, बाकी सगळं आपलं आपण. छपरावरचे सोलर पॅनल विजेला पुरले. रात्री पारा चार-पाच अंशांवर यायचा, तेव्हा झोपताना अर्धा तास प्रोपेनचा हीटर.

मी एक वही सुरू केली. सकाळचा चहा, आंघोळ, स्वयंपाक, भांडी, सगळं लिटरमध्ये. ह्यांनी सिंकमध्ये प्लॅस्टिकचं घमेलं ठेवलं. त्यात साचलेलं पाणी गाळून टॉयलेटला वापरायचं, म्हणजे ग्रे टँक हळू भरतो आणि स्वच्छ पाणीही वाचतं. ताटं आधी कागदाने पुसायची. तांदूळ एकाच पाण्यात धुवायचे. आंघोळ दिवसाआड, अंग भिजवून नळ बंद, साबण लावून पुन्हा नळ. तीन दिवसांत खर्च निम्म्यावर आला. पहिल्यांदा अशा मुक्कामाला जाणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं: आधी सांडपाण्याची टाकी मोजा.

या वहीमुळेच पुढचं सगळं मला वेगळं दिसायला लागलं. क्वार्ट्झसाइटच्या दफनभूमीत दगडांचा एक छोटा पिरॅमिड आहे, वर तांब्याचा उंट. खाली हाजी अली, म्हणजे इथल्या लोकांच्या जिभेवरचा हाय जॉली. १८५६ साली अमेरिकन सैन्याने उंट आणले, त्यांच्याबरोबर आलेल्या उंटवाल्यांपैकी तो एक. कमी पाण्यात ओझं वाहणारं जनावर हवं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. यादवी युद्धात तो प्रयोग मागे पडला, उंट विकले गेले. हाजी अली मात्र इथेच राहिला आणि १९०२ साली इथेच गेला. आम्ही तिथे बराच वेळ उभे होतो.

कोफाचे डोंगर ला पोसातून समोरच दिसतात. करवतीच्या दात्यांसारखे, संध्याकाळी विटकरी होणारे. नाव मात्र खाणीचं आहे. १८९६ मध्ये चार्ल्स आयखेलबर्गरला इथे सोनं सापडलं, खाणीचं नाव पडलं ‘किंग ऑफ ॲरिझोना’. कंपनीच्या सामानावर ‘के ऑफ ए’ असा शिक्का मारत, तेच कोफा झालं. सोनं दगडात इतकं बारीक विखुरलेलं की नुसतं पाखडून हाती लागत नसे. दगड दळायचा, त्यावर सायनाइडचं पातळ द्रावण सोडायचं, सोनं त्यात विरघळलं की जस्ताच्या मदतीने वेगळं करायचं. या प्रत्येक पायरीला पाणी लागतं. आणि पाणीच तर इथे नाही! खाण १९१० मध्ये बंद झाली. आम्ही लहान जीप घेऊन किंग व्हॅलीच्या कच्च्या रस्त्याने गेलो आणि खाणीच्या हद्दीत जाऊ नये अशी पाटी दिसली तिथेच थांबलो. बंद खाणीच्या तोंडाशीही जाऊ नये. कडा ढासळतात, आत हवा खराब असते. या भागात दुसऱ्या महायुद्धातल्या सरावाचे न फुटलेले गोळेही अजून सापडतात, अनोळखी धातूच्या तुकड्याला हात लावायचा नाही.

आता तो सगळा प्रदेश अभयारण्य आहे, १९३९ पासून, रानमेंढ्यांसाठी राखलेला. साडेसहा लाख एकरांहून मोठा. नकाशावर पाणवठ्यांच्या नावांत जागोजाग ‘टँक’ दिसतं. ते वाचून मी ह्यांना म्हटलं, “अहो, ही आपल्या गडावरची टाकी!” खडकात पावसाचं पाणी साठतं ते हे. फरक इतकाच की आपली टाकी माणसांनी खोदली, इथली बरीचशी निसर्गाने. दुष्काळात अभयारण्याचे लोक काही पाणवठ्यांवर पाणी नेऊन ओततात. पाम कॅन्यनमध्ये तर कड्याच्या चिंचोळ्या घळीत ताडासारखी झाडं उभी आहेत, केवळ तिथल्या फटींत ओल टिकते म्हणून. पायवाट अर्ध्या मैलाची, पण दगडगोट्यांची. दुपारी बाराच्या आसपास जा, तेव्हाच ऊन घळीत पोचतं.

कॅसल डोमला गेलो ते अकराव्या दिवशी, तासाभर दक्षिणेला. इथे चांदीमिश्रित शिसं निघायचं. कच्ची धातू गाड्यांतून कोलोरॅडो नदीपर्यंत आणि तिथून बोटीने पुढे. जुन्या वस्तीच्या जागी आता संग्रहालय आहे, पत्र्याच्या आणि लाकडाच्या खोल्या, प्रत्येकीत त्या काळचं सामान. एका फळीवर कार्बाइडचे पितळी दिवे मांडले होते. माझे पाय तिथेच थबकले.

माझे वडील कांद्रीच्या मँगनीज खाणीत होते, नागपूर जिल्ह्यात. त्यांच्या वेळी टोपीला विजेचा दिवा आणि कमरेला बॅटरी असायची. कार्बाइडची बत्ती मी पाहिलेली ती जत्रेत, रेवड्यांच्या दुकानावर. ती चालते कशी ते ह्यांनी तिथे समजावलं: वरच्या कप्प्यात पाणी, खालच्या कप्प्यात कार्बाइडचे खडे, थेंब थेंब पडला की गॅस होतो आणि तोच जळतो. म्हणजे या माणसांना जमिनीखाली उजेडासाठीसुद्धा पाणी बरोबर न्यावं लागत होतं.

“अगं, चल, उन्हं कलली,” हे म्हणाले. मला निघवत नव्हतं. बाबा पाळीवर जाताना दिव्याच्या खोलीत बिल्ला द्यायचे आणि दिवा घ्यायचे. वर आल्यावर दिवा देऊन बिल्ला परत. खुंटीवर बिल्ला राहिला, तर माणूस अजून खाली आहे. आई तो बिल्ला चिंचेने घासून ठेवायची.

रात्री माळावर परतल्यावर रामटेकला भावाला फोन लावला. तिकडे सकाळ होती.

“बाबांचा बिल्ला आहे का रे अजून?”

“आईच्या डब्यात आहे ताई. नंबर वाचून दाखवू?”

त्याने सावकाश, एकेक आकडा वाचला. समोर पाण्याची वहीच उघडी होती. त्या दिवसाच्या अठरा लिटरखाली मी तो नंबर लिहून ठेवला.