आमची वाटचाल : नक्कल करायचीच होती, तर सुईसकट करायची

जुन्या कपड्यांपासून हातशिलाईच्या पेट्या आम्ही बनवतो. डोक्यात विचारांचा गलबला चालू असताना हातांना काहीतरी काम हवं असतं, त्या हातांसाठी. पेटीत विरलेल्या सुती कापडाचे २० सेंमीचे दोन चौकोन, मधल्या थरासाठी एक पातळ तुकडा, कापून ठेवलेले सहा दोरे आणि दोन सुया. तिन्ही थर एकावर एक ठेवायचे आणि आखलेल्या ओळींवर टाके घालत जायचं, एवढंच काम. पहिली काही वर्षं बरी गेली. त्यांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

लिहायचं आहे ते आमच्या पेटीची नक्कल बाजारात आली त्याबद्दल. एका मोठ्या कंपनीनं रंगापासून पुठ्ठ्याच्या मापापर्यंत सगळं उचललं आणि झाकणावर छापलं, ‘नैराश्य घालवा’. आत मात्र जुनं कापड नव्हतंच. जुनाट दिसेल असा छाप मारलेलं नवं पॉलिस्टर-मिश्र कापड, सहा पदरी भरतकामाच्या दोऱ्याची अख्खी लडी आणि १० नंबरची सुई. शिवणारे लगेच ओळखतील काय होणार ते. हातशिलाईत नंबर वाढतो तशी सुई बारीक होते. १० नंबरच्या नेढ्यात सहा पदर जात नाहीत. थुंकी लावून कसेबसे घातलेच, तर कापडातून ओढताना दोरा पिंजतो. लडी सुटली की गुंता. ज्याचं मन आधीच थाऱ्यावर नाही, तो दुसऱ्या ओळीला पेटी मिटवतो आणि ‘मला एवढंही जमत नाही’ हा एक नवा घोर पदरात घेतो.

आमच्याकडे ५ नंबरची, लांब नेढ्याची भरतकामाची सुई असते आणि ८ नंबरचा पर्ल कॉटनचा, म्हणजे पीळ दिलेल्या भरतकामाच्या सुताचा दोरा. तो एकाच पिळाचा असल्यानं पदर सुटत नाहीत. प्रत्येक दोरा ६० सेंमीचा. त्यात २० सेंमीच्या दोन ओळी होतात आणि गाठीपुरती शेपटी उरते. चौकोनावर दीड-दीड सेंमीवर १२ ओळी आखलेल्या, म्हणून दोरे सहा. दोरा संपला की आपोआप थांबायची जागा येते. उठावं, पाणी प्यावं, नाहीतर उद्या बसावं. काम मध्येच टाकल्याची रुखरुख राहत नाही. टाका पाच मिलिमीटरचा. लहानमोठा झाला तरी उसवू नका, असं आम्ही ठळक छापतो, कारण सारखं उसवत बसणं हा काळजीचाच एक प्रकार आहे.

जुनंच कापड का, हा प्रश्न कायम येतो. कोऱ्या कापडावर पहिला टाका घालताना हात आखडतो, खराब होईल म्हणून. डाग पडलेल्या, शंभरदा धुतलेल्या चादरीला आणखी काय खराब करणार? शिवाय धुवून मऊ झालेल्या सुतात सुई तिन्ही थरांतून बोटाच्या जोराशिवाय जाते.

पण जुनं म्हणजे कुजकं नव्हे. कापड उजेडासमोर धरा. जाळी दिसली तर तो भाग बाद. मग उभ्या आणि आडव्या धाग्यावर दोन्ही मुठींनी ओढा. ‘टर्र’ असा आवाज आला की ठेवून द्या, ते टाका पेलणार नाही. शर्टाचं कोपर, कॉलरची दुमड आणि काखेखालचा भाग घामानं व घर्षणानं आधी जातो. पाठ सगळ्यात टिकते. लाल, काळा आणि नीळ रंग असेल तर ओलं पांढरं फडकं ठेवून वरून इस्त्री दाबा. फडक्याला रंग लागला तर तो तुकडा फिक्या रंगाशेजारी लावू नका. टी-शर्टचं विणीचं कापड चादरीच्या कापडाला जोडू नका. एक ताणतं, दुसरं ताणत नाही, चुण्या पडणारच. टी-शर्टच्या आडव्या अडीच सेंमीच्या पट्ट्या कापा, दोन्ही टोकांनी ओढा, कडा आत वळून छान दोरी होते. जीन्सला हात लावायची घाई नको. तिच्या जाड शिवणींवर मशीनलासुद्धा १००/१६ ची जाड सुई लागते, तिथे हातशिलाई करणाऱ्याची बोटं सोलतात.

तर नक्कल. आमचा घाऊक माल घेणारी एक संस्था एका हंगामात त्या कंपनीकडे वळली, दोन रुपये वाचतात म्हणून. कापून ठेवलेले चौकोन पडून राहिले. कापलेल्या सुती कडा हाताळल्या की उसवत जातात आणि दमट जागेत गठ्ठ्याला बुरशी धरते. बराचसा माल पुन्हा धुवून, एक-एक सेंमी छाटून १८ सेंमीचा करावा लागला. मशीन विकायला काढायची वेळ आली होती. वर त्या कंपनीच्या पत्रकात लिहिलेलं, ‘ही कल्पना प्रथम आमची’. अहो, ती आमचीसुद्धा नाही! अमेरिकेत १९१७ साली ऑक्युपेशनल थेरपीची, म्हणजे हाताला काम देऊन करायच्या उपचाराची, पहिली संघटना उभी राहिली. तिच्या संस्थापकांतले मनोविकारतज्ज्ञ विल्यम रश डंटन रुग्णांना तुकडे जोडून रजया शिवायला देत. त्याही आधी, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, जर्मनीत मनोरुग्णालयात ठेवलेल्या आग्नेस रिख्टर या शिवणकाम करणाऱ्या बाईनं तिथल्याच कापडाचं जॅकेट शिवून त्यावर टाक्यांनी स्वतःबद्दल मजकूर लिहिला. ते आज हायडेलबर्गच्या प्रिंझहॉर्न संग्रहात, मनोरुग्णांनी केलेल्या कलाकृतींच्या संग्रहात, आहे. तिला कोणी पेटी दिली नव्हती.

त्या पडत्या काळात माल घेत राहिल्या त्या एका रुग्णालयातल्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट मॅडम. सवलत त्यांनी कधी मागितली नाही, बदल मात्र सतत मागितले. दोरे आधीच कापून द्या, हे त्यांचंच सांगणं. वॉर्डात लांब दोरा आणि मोकळी कात्री चालत नाही. सुया चुंबकाच्या पट्टीवर मोजून द्यायच्या, मोजून परत घ्यायच्या, एक कमी भरली तर कोणी खोलीबाहेर जायचं नाही. कात्री बोथट टोकाची, टेबलाला बांधलेली. ज्यांची बोटं औषधांनी थरथरतात त्यांच्यासाठी सुई आधीच ओवलेली. त्यांनी आम्हाला आणखी एक ताकीद दिली, ती आम्ही पाळतो. झाकणावर आजाराचं नाव नाही, बरं करण्याचं वचन नाही. शिवण्यानं मन निवतं, पण गोळ्या बंद करायच्या का, हे डॉक्टरांनीच सांगायचं.

गेलेल्या माणसाचे कपडे आमच्याकडे येतात, त्याबद्दल न विचारता सांगतो. पहिल्या आठवड्यात कात्री लावू नका. एक कपडा न धुता पिशवीत बंद करून ठेवा, वास धुतला की परत येत नाही. शर्टाची उशी करायची तर बटणं लावून, पुढची-मागची बाजू एकत्र ठेवून ४२ सेंमीचा चौकोन कापा आणि चारही बाजू एक सेंमी माया (शिवणीबाहेर सोडलेलं कापड) ठेवून शिवा. ४० सेंमीची उशी बसते आणि बटणपट्टीच खोळीचं तोंड होते, चेन लावायची गरज नाही. खिसा चौकोनाच्या आत येईल असं आधी बघून घ्या. कापड विरलं असेल तर आतून मलमल टाचा. चिकटवायचं अस्तर नको, जुन्या कापडावर त्याला फोड येतात.

ती संस्था अलीकडे परत आली. नक्कल केलेल्या पेट्या अर्ध्याहून जास्त न शिवताच पडून आहेत म्हणे. आता विचारतायत की पेटीत सुई एकच दिली तर दर किती उतरेल. सुया दोनच राहतील. एक हरवतेच.