दुभती जनावरं सोडून

मी न्यू जर्सीत सातवीच्या मुलांना इतिहास शिकवते. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या धड्याला दरवर्षी मी एक पत्र काढते. ८ जानेवारी १७८० चं, जॉर्ज वॉशिंग्टनने इथल्या काउंट्यांच्या मॅजिस्ट्रेटना लिहिलेलं.

त्या हिवाळ्यात त्याची फौज मॉरिसटाउनजवळ जॉकी हॉलोच्या जंगलात झोपड्या बांधून राहिली होती. वर्ष उजाडताच हिमवादळ झालं, रस्ते बुजले, रसद थांबली. बंड केलेल्या वसाहतींच्या काँग्रेसने काढलेल्या कागदी डॉलरची किंमत इतकी घसरली होती, की शेतकरी त्यावर माल द्यायला तयार नव्हते. उपाशी शिपाई आसपासच्या घरांतून खाण्याच्या चोऱ्या करू लागले. तेव्हा त्याने प्रत्येक काउंटीला आकडा लावून दिला : इतकी गुरं, इतकं धान्य. विनंतीच होती, पण नाहीच मिळालं तर दुसरा मार्ग धरावा लागेल, हेही त्याने लपवलं नाही.

मी मुलांना मॅजिस्ट्रेट केलं. एकाने लगेच विचारलं, "हाताशी फौज होती ना? मग विचारत कशाला बसला?"

उत्तर न देता मी वॉशिंग्टनच्या अधिकाऱ्यांना गेलेला हुकूम वाचायला दिला. मॅजिस्ट्रेट हललेच नाहीत तर माल स्वतः उचला. पण किंमत त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. मालकाला पावती द्या; आजचा भाव हवा की पैसे मिळतील त्या दिवशीचा, ते त्याला ठरवू द्या. ज्याच्याकडे जेवढं, त्या मानाने घ्या. आणि अगदीच अडल्याशिवाय दुभत्या जनावरांना हात लावू नका.

या ओळीशी माझा आवाज दरवर्षी थोडा अडतो. आमच्या घरी आजोबा लेव्हीच्या, म्हणजे सरकारने सक्तीने नेलेल्या ज्वारीबद्दल बोलायचे. पोती गेल्याचं त्यांना फारसं नव्हतं. गाडी दारात आली तेव्हा घरात किती माणसं जेवतात हे कुणी विचारलं नाही, हे ते शेवटपर्यंत विसरले नाहीत.

न्यू जर्सीचे मॅजिस्ट्रेट कामाला लागले, बहुतेक ठिकाणी जबरदस्तीची वेळ आली नाही, आणि फौज तगली. वॉशिंग्टनने त्याचं श्रेय त्यांना मोकळेपणाने दिलं. अर्थात, त्या युद्धातल्या अशा पावत्यांचं मोल पुढे फार घसरलं, हेही मी मुलांना सांगते. ते सांगितल्याशिवाय गोष्ट खरी होत नाही.

मग याद्या करायला लावल्या : तुमच्या गावात कुणाकडून काय घ्याल? वर्गात सहसा न बोलणारी एक मुलगी तास संपला तरी लिहीत होती. कागद हातात घेतला. पंधरा घरं, प्रत्येकापुढे माणसं किती, गाई किती, दुभत्या किती. यादीत पहिलं घर तिने स्वतःचं घातलं होतं.