राखी रंगाचं लुगडं

गणपती उठून आठवडाही झाला नव्हता, तेव्हा साताऱ्याहून फोन आला. "ताई, काचेच्या आत बुरशी कशी काय जाते हो?"

जुन्या कापडांची डागडुजी हे माझं काम. पैठण्या येतात, शेले येतात. गोधडी क्वचित, कारण ती विरली की लोक तिचं पायपुसणं करतात. या घरात मात्र दिवाणखान्याच्या भिंतीवर पलंगाएवढी काचेची फ्रेम होती. आत गोधडी, तिच्यावर रोखलेला दिवा, समोर पश्चिमेची खिडकी. सूनबाईंनी चार वर्षांपूर्वी मोठ्या हौसेनं करून घेतलेली. मी उजेड मोजायचं मीटर धरलं. दुपारी चार वाजता ९०० लक्स. संग्रहालयात अशा कापडाला ५० लक्सच्या आसपास ठेवतात.

"गोधडी तुमच्या पुण्यात," पलंगावरून आजी म्हणाल्या. "ही वाकळ. माझ्या आईनं शिवलेली."

सुतार आणि मी मिळून फ्रेम खाली उतरवली. काच निघाली आणि कुबट वास खोलीभर झाला. कापड काचेला भिडवूनच बसवलं होतं. पावसाळ्यात काच आतून दमट होते, ती ओल कापडात मुरते आणि वारा कुठूनच लागत नाही. मग बुरशी आणखी कुठे जाणार? मागं प्लायवूड. लाकडातून आम्ल झिरपतं, त्यानं पाठ पिवळी पडली होती. आणि त्या प्लायला वाकळ चक्क स्टेपलरनं ठोकलेली. पिना काढता काढता मोजल्या. १३८. प्रत्येकीभोवती गंजाचं वर्तूळ.

सुतारानं कडेची पट्टी उचकटली आणि सूनबाई एकदम खाली वाकल्या. वाकळेच्या मधोमध मोठा राखी तुकडा होता, तो एका कडेपर्यंत गेलेला. पट्टीखाली झाकलेला त्याचा बोटभर भाग जांभळा होता. गडद, पिकल्या जांभळासारखा.

"हे राखी नव्हतं?"

"जांभळंच होतं की," आजी म्हणाल्या. "राखी रंगाचं लुगडं कोण नेसतंय?"

चार वर्षं रोज त्या भिंतीसमोर बसून चहा प्यायलेलं घर, आणि रंग उडताना कुणाला दिसला नाही. तो असाच जातो, रोज थोडा. गेलेला परत आणता येत नाही. हे सांगताना मला दर वेळी डॉक्टर झाल्यासारखं वाटतं, आणि ते मुळीच आवडत नाही.

आजींचा उपाय तयार होता: रिठ्यात बुडवा, उन्हात टाका. मी पांढरं फडकं ओलं करून लाल तुकड्यावर दाबलं. फडकं गुलाबी. धुतली असती तर आख्खी वाकळ तांबडी झाली असती. काळ्या तुकड्याची गत वेगळीच. बोट लावलं तर काळी भुकटी हाताला. जुने काळे रंग, लोखंडाचे असोत की गंधकाचे, वर्षानुवर्षं सुती धागा आतून खात राहतात.

पुढचे तीन आठवडे ती माझ्याकडे पुण्याला होती. आधी सावलीत, वाऱ्यावर पूर्ण वाळवली. ओली बुरशी पुसली तर ती धाग्यात रुतते. मग मास्क लावून, गच्चीवर, मऊ ब्रशनं भुकटी झाडली. व्हॅक्यूमच्या तोंडाला जाळी बांधून हलक्या ओढीनं उरलेली काढली. काळ्या तुकड्यावर बारीक नेट ठेवून कडेनं टाके घातले. आजींच्या आईचे धावदोऱ्याचे टाके इतके सारखे होते, की माझे शेजारी कुणालाही ओळखू येतील. येऊ देत.

"आता परत भिंतीवर नाहीच?" सूनबाईंनी विचारलं. काही जाणकार सरळ नाही म्हणतात. मला ते पटत नाही. ट्रंकेत पुरलेली वाकळही कुणाच्या कामाची नाही. पण भिंत बदलली. ऊन न पोचणारी, बाहेरची ओल न येणारी, आतली भिंत. काच नको. मांजरपाट धुऊन त्याची लांब नळी केली आणि मागच्या बाजूनं वरच्या काठालगत शिवली. टाके अस्तरापुरते न ठेवता सगळ्या थरांतून घेतले, नाहीतर सगळं वजन अस्तरावर येऊन ते फाटतं. त्या नळीतून दांडा. वर्षातून तीनच महिने, पावसाळा सोडून.

उरलेले नऊ महिने गुंडाळून. पडद्यांच्या दुकानात जाड पुठ्ठ्याची नळी फुकट मिळते. तिला ॲल्युमिनियम फॉइल, वर मांजरपाट, मग वाकळ चांगली बाजू बाहेर ठेवून सैल गुंडाळायची, म्हणजे चुण्या अस्तरावर पडतात. वरून पुन्हा मांजरपाट. प्लास्टिकची पिशवी नाही, पाण्याच्या टाकीखालचा माळा नाही. वेखंड हवं तर पुरचुंडीत, कापडाला लागू न देता.

आजींनी सगळं ऐकून घेतलं. "तीन महिने भिंतीवर, नऊ महिने नळीवर. आणि अंगावर कधी?"

"अंगावर नको, आजी. विरलीय ती."

त्या काही बोलल्या नाहीत. पायांवरची स्वतः शिवलेली वाकळ तेवढी वर ओढून घेतली.

एप्रिलात सूनबाईंनी फोटो पाठवला. मला वाटलं वाकळेचा असेल. गच्चीत चार विटांवर ती फ्रेमची काच आडवी ठेवलेली, आणि तिच्यावर आजींचे सांडगे वाळत घातलेले.