जॉर्जिया टॉमच्या शिकागोत

शिकागोला आलेला आपला माणूस आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये विवेकानंद बोलले ती जागा बघतो, ‘बीन’ या चकचकीत शिल्पासमोर फोटो काढतो आणि डेव्हॉन अ‍ॅव्हेन्यूवर डोसा खाऊन उपनगरातल्या नातेवाइकांकडे परततो. ‘साउथ साइडला जाऊ नकोस हं’ असं शहराच्या दक्षिणेकडच्या कृष्णवर्णीय वस्तीबद्दल सांगणारा एक तरी मामा प्रत्येकाला असतो. मलाही आहे. त्याला ‘म्युझियमला चाललोय’ असं सांगून मी ग्रीन लाइनची लोकल पकडली. थाप अगदीच काही खोटी नव्हती. जिथे चाललो होतो तिथे गॉस्पेल संगीताचं, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या भक्तिसंगीताचं, राष्ट्रीय संग्रहालय उभं करायची योजना आहेच.

ब्राँझव्हिल स्टेशनवर उतरून आयआयटीच्या (त्यांच्या, म्हणजे इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या; आपल्या नव्हे) काच-लोखंडाच्या इमारती मागे टाकल्या की थोड्याच वेळात ३३वा रस्ता आणि इंडियाना अ‍ॅव्हेन्यूचा कोपरा येतो. इथे पिलग्रिम बॅप्टिस्ट चर्चच्या उरल्यासुरल्या दगडी भिंती लोखंडी टेकूंवर उभ्या आहेत. छप्पर नाही. कुंपणाच्या जाळीला नाक लावलं की कमानीतून पलीकडचं आकाश दिसतं. अ‍ॅडलर आणि सलिव्हन या वास्तुरचनाकारांच्या जोडीने १८९०-९१ मध्ये ही वास्तू बांधली ती ज्यूंचं सिनगॉग म्हणून. अ‍ॅडलरचे वडील तिथले रबाय, म्हणजे ज्यू धर्मगुरू, होते. पुढे दक्षिणेतून रेल्वे भरभरून कृष्णवर्णीय कुटुंबं इथे आली, वस्ती बदलली आणि १९२० च्या दशकात सिनगॉगचं चर्च झालं. ६ जानेवारी २००६ ला छताची दुरुस्ती चालू असताना आग लागली. त्यात इमारत गेलीच, शिवाय गॉस्पेलचा जनक मानल्या जाणाऱ्या थॉमस डॉर्सीच्या गाण्यांचे मूळ कागदही गेले.

या डॉर्सीसाठीच मी आलो होतो. जन्म १८९९, गाव व्हिला रिका, राज्य जॉर्जिया. वडील बॅप्टिस्ट प्रवचनकार, आई ऑर्गन वाजवायची. पोरगा मात्र अटलांटाच्या थिएटरात सोडा विकता विकता पियानोवाल्यांचे हात बघून शिकला. शिकागोत आला, मा रेनी या गायिकेच्या साथीला बसला आणि ‘जॉर्जिया टॉम’ या नावाने ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीयांची सुखदुःखाची ऐहिक गाणी, गाऊ लागला. १९२८ मध्ये टँपा रेड या गिटारवाल्याबरोबर केलेली त्याची एक रेकॉर्ड तुफान खपली. शब्द असे द्व्यर्थी, की घरात मोठ्यांसमोर लावायची सोय नाही.

सोलापूरचा राम जोशी लावणी सोडून कीर्तनाकडे वळला, हे आपण कौतुकाने सांगतो. डॉर्सीची गोष्टही लोक तशीच सांगतात: ब्लूज टाकला, देवाकडे वळला. मला हे पटत नाही. त्याने शब्द बदलले. डाव्या हाताची चाल होती तीच ठेवली. चर्चवाल्यांनी नेमकं हेच ओळखलं. तिथल्या जुन्या, प्रतिष्ठित चर्चमध्ये युरोपीय वळणाचं गाणं चाले, आणि हा बारमधला ठेका देवापुढे आणतोय म्हणून कित्येक पाळकांनी त्याला दार दाखवलं. उसन्या पैशांतून त्याने एका गाण्याच्या पाचशे प्रती टपालाने चर्चना धाडल्या, तरी वर्षानुवर्षं मागणी आली नाही. १९३० मध्ये बॅप्टिस्टांच्या अधिवेशनात ते गाणं गायलं गेलं आणि एकदम हजारो प्रती उठल्या. पुढे सॅली मार्टिन ही गायिका त्याच्याकडे आली. हा पैशाचा हिशेबच ठेवत नाही, हे बघून तिने धंदा हातात घेतला. गॉस्पेल देशभर पसरलं त्यात या बाईंच्या वहीचा वाटा मोठा आहे, पण तिचं नाव फारसं कोणी घेत नाही.

ऑगस्ट १९३२. डॉर्सी सेंट लुइसला गाण्यासाठी गेला होता. तिथे तार आली: बायको नेटी बाळंतपणात गेली. तो घरी पोचला आणि पाठोपाठ बाळही गेलं. त्यानंतर काही दिवसांनी पियानोवर बसून, एका जुन्या चालीला वळण देत त्याने ‘टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड’ रचलं. ४ एप्रिल १९६८ ला मेंफिसमध्ये गोळी लागण्याआधी काही क्षण मार्टिन ल्यूथर किंग त्या रात्रीच्या सभेसाठी याच गाण्याची फर्माईश करत होते. त्यांच्या अंत्यसंस्कारात गॉस्पेल गायिका महेलिया जॅक्सनने ते गायलं.

पिलग्रिमचा गायनवृंद डॉर्सीने कित्येक दशकं सांभाळला. पुढे तो रेव्हरंडही झाला आणि १९९३ मध्ये, वयाच्या ९३ व्या वर्षी, याच शहरात वारला. त्याने सुरू केलेलं गायनवृंदांचं अधिवेशन अजून भरतं.

रविवारी जवळच्याच एका चर्चमध्ये उपासनेला गेलो. पांढरे हातमोजे घातलेल्या आजींनी दुसऱ्या रांगेत नेऊन बसवलं आणि हातात पुठ्ठ्याचा पंखा दिला. पंख्यावर अंत्यविधी करून देणाऱ्या कंपनीची जाहिरात! मग पाहुण्यांना उभं करून नाव-गाव विचारलं. ‘पुणे, इंडिया’ म्हटल्यावर टाळ्या पडल्या. गाणं सुरू झालं आणि माझी पंचाईत झाली. आपला हात सवयीने समेवर पडतो. इथे सगळ्यांची टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर, आणि मी एकटा उलटा. शेजारच्या बाईंनी माझं मनगट धरून एक आवर्तनभर माझ्याकडून टाळी वाजवून घेतली. मग जमलं.

‘प्रेशस लॉर्ड’ त्यांनी इतक्या विलंबित लयीत घेतलं, की एकेका शब्दावर गायिका रेंगाळायची आणि मधली जागा ऑर्गन भरून काढायचा. कोणीतरी मागून ‘टेक युअर टाइम!’ असं ओरडलं. आपल्याकडे ‘क्या बात है’ म्हणतात त्याच सुरात.

उपासना संपल्यावर तळघरात जेवण होतं. मी शाकाहारी निघाल्यामुळे वाट्याला मॅकरोनी-चीज आणि पीच कॉबलर आलं, तक्रार नाही. गायनवृंद बसवणाऱ्या बाईंना विचारलं, या गाण्याचे छापील स्वर कुठे मिळतील? त्या हसल्या. “छापील? आमच्याकडे सगळे कानानेच शिकतात. तू बुधवारी संध्याकाळी सरावाला ये.”

बुधवारी माझं परतीचं विमान होतं. मामाला फोन करून विचारलं, तिकीट पुढे ढकलायला किती पैसे पडतील.