थर्ड पार्टी सपोर्ट म्हणजे नव्याचे नऊ दिवस?

नवीन कन्सोल, म्हणजे गेम खेळायचं मशीन, आला की स्टेजवर एक स्लाइड येतेच येते, तिच्यावर ईए, उबिसॉफ्ट, कॅपकॉम, सेगा अशा सगळ्या थर्ड पार्टीवाल्यांचे, म्हणजे दुसऱ्याच्या मशीनवर गेम काढणाऱ्या पब्लिशर कंपन्यांचे लोगो, आणि लगेच सगळीकडे बोंबाबोंब की बस्स, या वेळी सगळे गेम येणार. मला त्या स्लाइडचं काडीचंही कौतुक नाही आता. लोगो लावायला काय जातंय.

निन्टेन्डोचा वी यू कन्सोल आठवतोय का कुणाला? 2011 च्या ई थ्री या गेमिंगच्या मोठ्या प्रदर्शनात ईएचे तेव्हाचे सीईओ जॉन रिचिटेलो खुद्द निन्टेन्डोच्या स्टेजवर आले, आजवर झाली नाही अशी पार्टनरशिप वगैरे बोलून गेले. नोव्हेंबर 2012 ला कन्सोल आला तेव्हा यादी पण दणदणीत, ब्लॅक ऑप्स 2, असॅसिन्स क्रीड 3, फिफा 13, बॅटमॅन, मास इफेक्ट 3. आता जरा जवळून बघा. बॅटमॅन अर्कम सिटी बाकीच्यांनी वर्षभर आधीच खेळून संपवलेला. आणि मास इफेक्टचा किस्सा तर कमालच आहे, त्याच महिन्यात एक्सबॉक्स 360 वर तिन्ही भागांचा सेट 60 डॉलरला आला, आणि वी यूवाल्यांना तेवढ्याच पैशात फक्त तिसरा भाग! पहिले दोन भाग त्या कन्सोलवर कधी आलेच नाहीत, म्हणजे गोष्ट थेट शेवटापासून सुरू करा. कोण घेणार हो? मग विक्री झाली नाही, आणि विक्री नाही म्हणून पब्लिशर म्हणाले बघा, इथे आमचे गेम चालतच नाहीत. मार्च 2013 ला नीड फॉर स्पीड मोस्ट वॉन्टेड आला (आणि तो पोर्ट, म्हणजे दुसऱ्या मशीनवरून इथे आणलेला गेम, चांगला होता, हे विशेष) आणि त्यानंतर ईएने दुकानच बंद केलं. पार्टनरशिप लॉन्चनंतर चार-पाच महिन्यांत आटोपली.

रेमन लेजेंड्सचं तर विचारूच नका. फेब्रुवारी 2013 ला फक्त वी यूवर येणार होता, आणि अगदी तोंडावर आलेला असताना उबिसॉफ्टने सप्टेंबरला ढकलला, का तर बाकीच्या कन्सोलवर पण एकदमच काढायचा म्हणून.

सगळा दोष पब्लिशरचा पण नाही म्हणा. वी यूचा प्रोसेसर जुन्या पॉवरपीसी घराण्यातला, रॅम 2 जीबी आणि त्यातली अर्धी सिस्टिमच खाणार, तिकडे 2013 च्या शेवटी सोनी मायक्रोसॉफ्ट दोघंही पीसीसारख्या चिपवर गेले, मग एका कन्सोलसाठी वेगळी टीम बसवून वेगळं काम कोण करेल, तेही जो आख्ख्या आयुष्यात 1 कोटी 35 लाखांच्या आसपास विकला गेला.

निन्टेन्डोच्याच पुढच्या कन्सोलचं, स्विचचं, बरोबर उलटं झालं. मार्च 2017 ला थर्ड पार्टीची यादी बऱ्यापैकी बारीक होती, पण एनव्हिडियाची चिप, युनिटी आणि अनरियल ही गेम बनवायची दोन्ही इंजिनं चालणार, आणि मुख्य म्हणजे मशीन धडाधड विकलं गेलं. मग नोव्हेंबरला डूम आला, 2019 ला विचर 3 अख्खा 32 जीबीच्या कार्डात बसवला. धूसर दिसतो, मान्य, पण बसमध्ये बसून विचर खेळता येतो राव! इंडीवाल्यांनी, म्हणजे छोट्या स्वतंत्र गेम बनवणाऱ्यांनी, तर तिथे घरच बांधलं.

आता स्विच 2. जून 2025 ला आला, सायबरपंक पहिल्या दिवशीच, 64 जीबीच्या कार्डावर पूर्ण गेम. याला म्हणतात सपोर्ट. पण बऱ्याच थर्ड पार्टी डब्यांवर खाली किल्लीचं चित्र दिसेल, ते गेम-की कार्ड. त्या कार्डात गेम नसतोच, कार्ड घालायचं, नेटवरून सगळा गेम डाउनलोड करायचा, आणि एवढं करून दर वेळी खेळताना कार्ड आत पाहिजेच! स्ट्रीट फायटर 6 घ्या, साधारण 50 जीबी, मशीनमध्ये जागा 256 जीबी, म्हणजे असे चार-पाच गेम झाले की जादा जागेसाठी मायक्रोएसडी एक्सप्रेस कार्ड घ्या, ते वेगळे पैसे. आपल्याकडे बहुतेक लोक ग्रे मार्केटमधून, म्हणजे अधिकृत नसलेल्या दुकानांतून घेतात, तिथे दुकानदाराला यातलं काही माहीत असेलच असं नाही, त्यामुळे डबा हातात घेऊन ती किल्ली आधी स्वतः बघा.

पब्लिशरचं म्हणणं की पूर्ण गेमचं कार्ड बाकीच्या कन्सोलच्या ब्लू-रे डिस्कपेक्षा महाग पडतं, ते खरंच आहे. स्टार वॉर्स आउटलॉज हा गेम की कार्डवर काढला त्या वेळी तर उबिसॉफ्टच्या एका डेव्हलपरने सांगितलं की कार्डावरून डेटा वाचायचा स्पीडच त्यांच्या इंजिनला पुरत नव्हता. हे कारण मला पटतं. पण जे लहानसहान जुने गेम पण की कार्डवर काढतात त्यांचं काय, तिथे सरळ सरळ पैसे वाचवणं आहे, आणि उद्या हेच लोक विक्री नाही झाली की म्हणणार निन्टेन्डोवाले फक्त मारिओ घेतात.

मी तरी सायबरपंक घेतलाय, कार्डवाला. बाकीच्यांनी दुसऱ्या वर्षी काय आणलं ते बघून पाकीट उघडेन.