टेबलावर वाजला, गाडीत मुका

गाडी 1972 ची, मर्सिडीज 200, डब्ल्यू115 मालिकेतली, पेट्रोल. इंदूरच्या रामबागेतल्या एका घरची. डॅशबोर्डात आधी कॅसेट प्लेअर आला, मग यूएसबीवाला डबा. मूळचा बेकर युरोपा रेडिओ मात्र त्या घरच्या काकांनी जुन्या धोतरात गुंडाळून माळ्यावर जपून ठेवला होता. "कारखान्यातून आला तसाच परत बसवून द्या," एवढंच त्यांचं मागणं. असं काम हातात आलं की मी दोन दिवस वेगळे काढतो, कारण सेट दुरुस्त होणं आणि गाडीत वाजणं ही दोन निराळी कामं आहेत.

तीस वर्षं बंद असलेला सेट थेट बॅटरीला कधी लावू नये. आधी पाटी वाचायची: 12 व्होल्ट, ऋण टोक बॉडीला. त्या काळातल्या काही सेटमध्ये 6-12 व्होल्टची किंवा धन-ऋण अर्थची अदलाबदल करता येते आणि ती कुणीतरी फिरवून ठेवलेली असू शकते. मग मर्यादा घालता येणारा पॉवर सप्लाय, 500 मिलिअँपिअरवर अडवलेला, आणि व्होल्टेज शून्यापासून हळूहळू वर. या सेटने दिव्यासकट मर्यादेच्या आतच विद्युतप्रवाह घेतला, पण स्पीकरमध्ये जाड गुरगुर होती. मुख्य फिल्टर कपॅसिटर वाळला होता. 1000 मायक्रोफॅरड, 16 व्होल्टचा आडवा कपॅसिटर जेल रोडला मिळाला नाही. दोन्ही पाय एकाच बाजूला असलेला 25 व्होल्ट, 105 अंशांचा मिळाला. तो चालतो, पण लांबवलेल्या पायावर स्लीव्ह चढवायची आणि कपॅसिटरचं अंग बोर्डाला चिकटवायचं. नाहीतर खड्ड्यांच्या धक्क्यांनी पाय सहा महिन्यांत तुटतो. सिग्नलच्या वाटेवरचे छोटे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरही त्याच बैठकीत बदलले.

(1960 च्या दशकातला सेट असेल तर एएफ114 ते एएफ117 या ट्रान्झिस्टरांकडे आधी बघा. त्यांच्या टोपीच्या आत कथलाचे केसासारखे तंतू वाढतात आणि टोपीला आतल्या तारांशी जोडतात. चार पायांपैकी टोपीचा पाय कापला की पुष्कळदा सेट जागा होतो.)

बटणांच्या यंत्रणेतलं जुनं ग्रीस डिंकासारखं घट्ट झालेलं होतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रशने ते काढलं, सांध्यांना शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब दिला. ट्यूनिंगच्या फेराइट कांड्यांना तेल लागू द्यायचं नाही. अशा जुन्या कार रेडिओत सहसा गँग कंडेन्सर (फिरत्या पात्यांचा) नसतो. स्टेशन बदलताना या कांड्या कॉइलमध्ये आत-बाहेर सरकतात, कारण पात्यांचा कंडेन्सर गाडीच्या थरथरीत टिकत नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तीच कामी आली.

टेबलावर सिग्नल जनरेटर आणि नकली अँटेना लावून तपासलं. नकली अँटेना म्हणजे 15 पिकोफॅरड मालिकेत आणि 60 पिकोफॅरड समांतर, म्हणजे सेटला अँटेनाची खरी कांडी आणि तिची केबल जोडल्यासारखं वाटतं. मीडियम वेव्ह दोन्ही टोकांना खणखणीत, एफएम स्वच्छ. एल बटण लाँग वेव्हचं, ते आपल्याकडे मुकंच राहणार. भारतात लाँग वेव्हवर प्रसारण नाही.

गाडीत पहिलं काम बॅटरीचं ऋण टोक काढणं. डॅशबोर्डामागे पिळून टेप गुंडाळलेले अकरा सांधे निघाले. ते सगळे कापून मूळ वायरपर्यंत मागे गेलो. जर्मन गाडीत वायरचा रंग आणि टोकाचा आकडा बोलतो: 15 म्हणजे चावी फिरवल्यावर येणारा करंट, 30 थेट बॅटरी, 31 अर्थ, 58 दिवे. सेटला 15 वरून, जवळच 2 अँपिअरचा फ्यूज घालून वायर दिली. सांधे क्रिम्पचे (दाबून बसवलेले), सोल्डरचे नाहीत. सोल्डर वायरीच्या पिळात चढतं आणि ते जिथे संपतं तिथे वायर थरथरीने तुटते.

मागच्या फळीवर दोन 4 ओमचे स्पीकर समांतर जोडलेले होते, म्हणजे सेटला 2 ओम. या सेटमध्ये आउटपुटला जर्मेनियम ट्रान्झिस्टरांची एडी161-एडी162 जोडी आहे आणि 2 ओमवर ती एका गाण्यातच भाजली असती. ती सगळी वायरिंग उपटली. डॅशबोर्डच्या जाळीखाली मूळ स्पीकर अजून होता. मीटरवर 4.2 ओम, म्हणजे 5 ओमचा स्पीकर ठीक. कागदाच्या काठाला चीर होती, ती टिश्यू पेपर आणि पातळ केलेल्या पांढऱ्या फेव्हिकॉलने सांधली. स्पीकरचं एखादं टोक बॉडीला टेकलंय का, हे जोडण्याआधी मीटरने बघायचं. अंदाजावर जायचं नाही.

सेटचं वजन दोन किलोच्या आसपास, ते फक्त दोन दांड्यांच्या नटांवर लटकवलं तर व्हॉल्यूमच्या पॉटची (फिरवायच्या कंट्रोलची) मान मोडते. म्हणून मागची पट्टी आधी सैल लावायची, पुढचे नट हाताने, मग मागची पट्टी घट्ट, शेवटी पुढच्या नटांना पाव फेरा. काकांनी पुढची मुखपट्टी आणि नटसुद्धा त्याच धोतराच्या गाठीत ठेवले होते, त्यामुळे दोन तास वाचले.

बॅटरी जोडली, चावी फिरवली. एफएमवर 98.3 आणि विविध भारतीचं 101.6, दोन्ही स्पष्ट. मग एम (मीडियम वेव्ह) दाबलं आणि काटा 648 वर नेला. इंदूर आकाशवाणी, 200 किलोवॅट. स्टुडिओ मालवा हाउसमध्ये, याच शहरात. एवढ्या ताकदीचं स्टेशन खिळ्याच्या अँटेनावरही वाजायला हवं. इथे आला फक्त खरखरीमागून एक पुसटसा आवाज. वर 1400-1500 कडे तर पूर्ण शांतता.

"अहो, तुमच्याकडे तर वाजत होता ना?" काका म्हणाले.

"काका, सेट तोच आहे. बाकीचा अर्धा रेडिओ आपण अजून तपासलाच नाही."

तो अर्धा रेडिओ म्हणजे अँटेना, तिची केबल आणि बॉडी. फेराइट कांड्यांच्या ट्यूनिंगमध्ये सेटच्या पहिल्या कॉइलबरोबर जी कपॅसिटी जुळायची, तिचा मोठा भाग सेटमध्ये नसतोच, तो केबलमध्ये असतो. म्हणून गाडीच्या अँटेनाची मूळ केबल वेगळी असते: प्लास्टिकच्या पोकळ नळीत केसासारखी बारीक तार, भोवती हवा, मीटरमागे कपॅसिटी अगदी कमी. एफएम चांगलं आणि मीडियम वेव्ह मेलेलं असेल तर संशय सेटवर नाही, केबलवर घ्यायचा. एफएमला 75 ओमची डिश केबल चालून जाते, मीडियम वेव्हला ती गिळून टाकते.

फेंडरच्या आतलं आवरण काढलं आणि कारण सापडलं. कधीतरी मूळ केबल कापून मध्ये दीड मीटर डिश केबल जोडलेली होती आणि उरलेला भाग गुंडाळून टेपने बांधलेला. डिश केबल मीटरला साधारण 53 पिकोफॅरड धरते. दीड मीटरचे झाले 80. सेटच्या बाजूला अँटेनाच्या सॉकेटजवळ जो ट्रिमर (पेचकसने जुळवायचा छोटा कंडेन्सर) असतो, तो एवढी भर कितीही फिरवला तरी खाऊन टाकू शकत नाही.

दुसरं कारण त्याच्या शेजारीच होतं. अँटेनाच्या बुडाशी गाडी पुन्हा रंगवताना रंगाचा जाड थर बसला होता. बुडापासून बॉडीपर्यंत मीटरवर 12 ओम. तिथे 1 ओमच्या खालीच यायला हवं. फेंडरच्या खालच्या बाजूने, बाहेरून दिसणार नाही असा रंग खरवडून चकचकीत पत्रा काढला, दातेरी वॉशर घातला, वर व्हॅसलीनचा हात फिरवला. मीटर 0.2 वर आला. केबल पूर्ण नवी घातली, अँटेनासाठी बनलेली, लांबी मोजूनच घेतलेली. जोडण्याआधी मधल्या तारेपासून अँटेनाच्या कांडीपर्यंत शून्य ओम आणि मधल्या तारेपासून बॉडीला जोड अजिबात नाही, ही दोन मोजमापं घेतली. बुडात पावसाचं पाणी शिरलेलं असेल तर दुसरं मोजमाप चुकतं.

648 आता भरून आला. मग इंजिन सुरू केलं आणि टिक-टिक-टिक सुरू झालं, वेगाबरोबर वाढणारं. अशा वेळी आधी अँटेनाचा प्लग काढून बघायचा. आवाज थांबला तर तो अँटेनातून येतोय, चालू राहिला तर पॉवरच्या वायरमधून. इथे थांबला. टिकटिक म्हणजे इग्निशन. उंच शिट्टीसारखा आवाज असता तर ऑल्टरनेटर. प्लगच्या टोप्या मोजल्या तर चारपैकी तीन टोप्या रोधकाशिवायच्या (रेझिस्टर नसलेल्या), बाजारू. रोधकवाल्या टोप्या घातल्या. इग्निशन कॉइलला कपॅसिटर 15 च्या टोकाला लावला, 1 च्या टोकाला नाही. 1 हे ब्रेकरचं टोक, तिथे लावला तर इंजिनच अडखळतं. ऑल्टरनेटरच्या डीएफ (रेग्युलेटरकडे जाणाऱ्या) टोकालाही कधी कपॅसिटर लावायचा नाही, रेग्युलेटरचे संपर्कबिंदू जळतात. बॉनेट ते बॉडी जोडणारी विणलेली पट्टी तुटलेली होती, ती नवी लावली. बॉनेट अर्थ नसेल तर इंजिनचा सगळा गोंगाट ते अँटेनाकडे फेकतं.

शेवटचं काम ट्रिमरचं. अँटेना पूर्ण वर, काटा 1400 च्या वर, जिथे अगदी क्षीण स्टेशन किंवा नुसती सळसळ ऐकू येते तिथे, आणि बारीक पेचकसने सर्वांत मोठा आवाज मिळेपर्यंत फिरवायचं. जोरदार स्टेशनवर हे करून उपयोग नाही, सेट आपोआप आवाज सावरतो आणि शिखर कळत नाही. शिखर ट्रिमरच्या मधोमध आलं. टोकाला आलं असतं तर केबल अजूनही चुकीची, असं समजून परत उघडलं असतं. एक गोष्ट काकांना बजावली: मे महिन्यात उन्हात तापलेल्या बंद गाडीत बसल्याबरोबर मोठ्याने लावायचा नाही, आधी काचा खाली करून पाच मिनिटं हवा खेळू द्यायची. जर्मेनियमला उष्णता सोसत नाही.

या सेटचा एफएमचा पट्टा 104 पर्यंतच जातो, त्यामुळे 98.3 आणि 101.6 दोन्ही त्यात बसतात, त्याच्या वरचं काही लागणार नाही. बटण भरायचं ते असं: बाहेर ओढायचं, हाताने स्टेशन लावायचं, आत दाबायचं. मीडियम वेव्हचं पहिलं बटण काकांनी स्वतः 648 वर भरलं. दुसरं मोकळं ठेवलं. अंधार पडल्यावर राजकोटचं 810 स्पष्ट येतं का ते ऐकून मग भरू, म्हणाले, आणि गाडी घेऊन रामबागेकडे निघाले.