गुप्तदानाची नोंद

इमारतीच्या दुरुस्तीसाठी जमवलेल्या निधीचा मागील वर्षांचा ताळमेळ समितीला हवा होता, म्हणून मंडळीचे सचिव आणि मी एका संध्याकाळी चर्चच्या कार्यालयात जुन्या वह्या घेऊन बसलो होतो. मी या मंडळीत पाळक म्हणून बदलून येण्याच्या बऱ्याच आधीच्या त्या वह्या होत्या. त्या काळी रविवारच्या उपासनेनंतर दोघेजण मिळून दानाची मोजणी करत, मोजणीवहीत रक्कम लिहून दोघेही सही करत आणि पैशांची पिशवी कार्यालयातील कपाटात ठेवत. कपाटाची किल्ली मोजणी करणाऱ्या एका बाईंकडे असे. सोमवारी खजिनदार त्यांच्याकडून किल्ली घेत आणि रक्कम बँकेत भरत. एका रविवारच्या मोजणीवहीतील आकडा आणि बँकेच्या पावतीवरील आकडा जुळत नव्हता. समासात लाल शाईने 'तूट' असे लिहिलेले होते. त्यानंतर काही महिन्यांनी 'गुप्तदान' म्हणून एक रक्कम जमा झालेली दिसली, आणि ती त्या तुटीइतकीच होती, अगदी शेवटच्या नाण्यापर्यंत. गुप्तदान करणारा माणूस सहसा पूर्णांकी रक्कम देतो. सुटे पैसे मोजून कोणी गुप्तदान करत नाही.

सचिवांच्याही ते लक्षात आले होते. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग त्यांनी त्या बाईंची हकीकत सांगितली. त्या वर्षी बाईंच्या घरी मोठे आजारपण होते आणि पैशांची ओढाताण सर्वांना ठाऊक होती. पिशवीत रक्कम कमी भरली असे खजिनदारांनी समितीला सांगितले, तेव्हा बाईंवर कोणी उघड आरोप केला नाही. कुलूप बदलायचे आहे असे सांगून त्यांच्याकडची किल्ली तेवढी मागून घेण्यात आली. पुढच्या महिन्याच्या मोजणीच्या यादीत त्यांचे नाव नव्हते. महिलासभेत त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली. त्या काही आठवडे येत राहिल्या आणि मग येईनाशा झाल्या. 'आरोप केला नाही' ही गोष्ट सचिव दोनदा म्हणाले. मला मात्र वाटते की आरोप झाला असता तर त्या उत्तर तरी देऊ शकल्या असत्या. बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात प्रभू येशूने सांगितलेला क्रम स्पष्ट आहे: भावाने अपराध केला असे वाटले, तर आधी एकट्याने जाऊन त्याच्याशी बोला; त्याने ऐकले नाही तर आणखी एकदोघांना सोबत न्या; आणि तरीही ऐकले नाही, तरच मंडळीला सांगा. इथे पहिली पायरी कोणीच चढले नव्हते, आणि शेवटची पायरी मात्र कुजबुजीने गाठली गेली होती.

मी त्याच क्रमाने माजी खजिनदारांकडे एकटा गेलो. वहीचे पान त्यांच्यासमोर ठेवले आणि काहीही विचारले नाही. त्यांनी नाकारले नाही. घरातल्या एका तातडीच्या गरजेसाठी त्यांनी पिशवीतून पैसे काढले होते. कोणाच्या ध्यानात येण्याआधी परत ठेवू, असा त्यांचा विचार होता. परंतु सचिवांनी त्याच आठवड्यात वही पडताळली, तूट उघड झाली, संशय भलतीकडे वळला आणि ते गप्प राहिले. "पैसे मी परत केले, पाळकसाहेब," ते म्हणाले, "एक पैसाही ठेवून घेतला नाही." बायबलच्या जुन्या करारातील लेवीय या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात असा नियम आहे की शेजाऱ्याला फसवून घेतलेली वस्तू त्याला परत द्यावी, तिच्यात पाचवा हिस्सा वाढवून द्यावा, आणि ज्याची ती आहे त्याच्याच हाती द्यावी. मी त्यांना इतकेच विचारले की मंडळीचे मंडळीला मिळाले, पण त्या बाईंकडून जे घेतले गेले ते कोणी आणि कोणाच्या हाती परत केले? त्यांनी चष्मा काढला आणि तो बराच वेळ पुसत राहिले. पुढच्या बैठकीत आपण स्वतःच समितीला सांगू, असे त्यांनी मला त्याच दिवशी सांगितले आणि तो शब्द पाळला.

समितीची बैठक कठीण गेली. त्यांनी पश्चात्ताप केला आहे, आपण त्यांना क्षमा करू आणि विषय मिटवू, असे बहुतेकांना मनापासून वाटत होते. यात दुष्टपणा नव्हता. मंडळीचे नाव खराब होईल ही भीती होती आणि एका वृद्ध माणसाची कणवही होती. परंतु ज्यांच्यावर अन्याय झाला त्या बाई त्या खोलीत नसताना त्यांच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार आम्हाला कोणी दिला होता? एका सदस्यांनी कोरी टेन बूम यांचे, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात ज्यूंना घरात लपवल्याबद्दल नाझींनी कैद केलेल्या डच ख्रिस्ती बाईंचे, उदाहरण दिले. त्यांची बहीण बेट्सी 1944 साली रावेन्सब्रुकच्या छळछावणीत मरण पावली, आणि 1947 साली म्युनिकमध्ये त्याच छावणीतील एक पहारेकरी समोर येऊन क्षमा मागू लागला तेव्हा कोरींनी त्याचा हात हातात घेतला; मग या बाईंना तेवढे जमू नये काय, असा त्यांचा मुद्दा होता. त्या साक्षीचे मोल माझ्या दृष्टीनेही फार मोठे आहे. परंतु कोरींनी स्वतःच सांगून ठेवले आहे की त्या क्षणी त्यांचा हात वर उचलला जाईना, आणि बळासाठी त्यांना मनातल्या मनात प्रार्थना करावी लागली. शिवाय तो पहारेकरी स्वतः समोर आला होता, आपण काय केले ते बोलला होता, आणि कोरींनी क्षमा करावी असा ठराव कोणत्याही समितीने केला नव्हता.

मी समितीसमोर येशूने सांगितलेला निर्दय चाकराचा दाखला वाचला: राजाने ज्याचे प्रचंड देणे माफ केले, त्याच चाकराने सोबत्याचे थोडे देणे माफ केले नाही. आपण तो वाचताना एक गोष्ट नजरेआड करतो. चाकराला माफ झालेले दहा हजार तालांतांचे देणे डोक्यात मावणार नाही एवढे होते: एक दीनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी आणि एका तालांताचे साधारण सहा हजार दीनार, म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. त्याच्यापुढे सोबत्याकडचे शंभर दीनार क्षुल्लक वाटतात. पण शंभर दीनार म्हणजे कष्टकरी माणसाची तीन महिन्यांहून अधिक काळाची कमाई होती. ते देणे खोटे आहे किंवा किरकोळ आहे, असे प्रभूने कुठेही म्हटलेले नाही. जे खरोखर बुडाले आहे तेच माफ करता येते, आणि म्हणून काय बुडाले ते आधी मोठ्याने सांगावे लागते. बाईंचे बुडालेले नाव ज्यांनी बुडवले त्यांत माजी खजिनदार एकटे नव्हते. ती खुर्ची रिकामी ठेवणारेही होते. यावर खोलीत कोणी काही बोलले नाही, पण विषय मिटवण्याचा ठरावही पुन्हा कोणी मांडला नाही.

बाईंच्या घरी मी आणि सचिव गेलो. क्षमेचा उपदेश करायचा नाही, एवढे आम्ही जाण्याआधीच ठरवले होते. सर्व ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, "पाळकसाहेब, त्यांना इथे माझ्या घरी पाठवू नका. ज्या लोकांसमोर मला बाजूला केलं, त्या लोकांसमोर काय ते बोला. आणि क्षमेचं मला आत्ता विचारू नका. ते माझं आणि देवाचं चाललेलं आहे." प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ मंडळी एकत्र भाकर आणि प्याला घेते त्या रविवारी त्या येतील, असे ठरले.

त्या रविवारी उपदेश मी लहान ठेवला. प्रभूच्या मेजाकडे जाण्याआधी माजी खजिनदार उठले, पुढे आले आणि हातातल्या कागदावरून त्यांनी चार वाक्ये वाचली: काय घेतले, केव्हा घेतले, कोणावर संशय जाऊ दिला आणि त्याबद्दल ते कोणाची क्षमा मागत आहेत. बाईंचे पूर्ण नाव त्यांनी दोनदा घेतले. त्या चार वाक्यांत 'परंतु' नव्हते, 'परिस्थिती' हा शब्दही नव्हता. मग समितीचे सर्व सदस्य उभे राहिले आणि सचिवांनी मंडळीच्या वतीने कबूल केले की आम्ही विचारले नाही, ऐकून घेतले नाही आणि एका निरपराध बहिणीला एकटे पाडले. बाई मधल्या रांगेत बसून होत्या. त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, "ऐकलं मी." मिठी नाही, अश्रू नाहीत. काही जणांना ते अपुरे वाटले असावे. मला ते पूर्ण वाटले, कारण इतक्या वर्षांनी त्यांना ऐकण्याजोगे काही मिळाले होते.

प्रभुभोजनाच्या वेळी माजी खजिनदार जागेवरून उठले नाहीत. तसे मी त्यांना सांगितले नव्हते. वेदीपाशी अर्पण आणल्यावर भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करून यावा, हे मत्तयाच्या पाचव्या अध्यायातील वचन त्यांनी स्वतःला लावून घेतले होते. आरंभीच्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या शिकवणीचा जो एक अतिप्राचीन ग्रंथ उपलब्ध आहे, त्यातही ज्यांचे आपसांत भांडण आहे त्यांनी समेट होईपर्यंत या मेळाव्यात सामील होऊ नये, असे सांगितलेले आहे. बाई मात्र पुढे आल्या, भाकर घेतली, प्याला घेतला आणि परत जाऊन बसल्या.

त्या दिवसाचा खरा अवघड भाग उपासना संपल्यावर सुरू झाला, आणि त्याची तयारी आमच्यापैकी कोणीच केलेली नव्हती. लोक बाहेरच्या सभागृहात जमले आणि बाईंच्या भोवती पुन्हा तेच मोकळे वर्तुळ तयार झाले. पूर्वी ते संशयामुळे पडले होते, आता शरमेमुळे. ज्यांनी त्यांच्याशी बोलणे सोडले होते, त्यांनाच आज काय बोलावे ते सुचत नव्हते. त्यांची नजर खाली होती आणि पाय दाराकडे वळत होते. पण वर्तुळाच्या मधे उभ्या असलेल्या माणसाला शरम आणि तिरस्कार यांतला फरक कळणार कसा? त्याला तोंड फिरवलेले तेवढे दिसते. नवीन येणाऱ्यांचे स्वागत कसे करावे, दारात कोणी उभे राहावे, नाव कसे विचारावे, याची प्रशिक्षणे आपण घेतो आणि ती घ्यावीतही; परंतु ज्याला आपण दुखावले त्याच्याकडे चार पावले चालत जाण्याचे प्रशिक्षण कोणी देत नाही, आणि मंडळीची दारे खरोखर उघडी आहेत की नाही हे त्या चार पावलांवर ठरते.

मी स्वतः पुढे होणार, तेवढ्यात रविवारच्या शाळेत शिकवणारी एक तरुण मुलगी मोजणीवही घेऊन त्यांच्यापाशी गेली. ती या मंडळीत अलीकडे आलेली असल्यामुळे जुन्या गोष्टींचे ओझे तिच्यावर नव्हते. तिच्यासोबत मोजणीला बसणारे गृहस्थ त्या दिवशी आले नव्हते. "काकू, दोघं लागतात मोजायला," ती म्हणाली, "तुम्ही बसाल का?" सभागृहातली कुजबुज थांबली. बाईंनी वहीकडे पाहिले, मग मुलीकडे पाहिले, आणि विचारले, "मोजल्यावर पिशवी कुठे ठेवता?" कपाटात ठेवतो, असे मुलीने सांगितले. "मग मी आज नाही बसणार. दोघांनी मोजायचं आणि एकानं न्यायचं, हे चुकीचं आहे. मोजलेल्या पिशवीला दोघांसमोर मोहोर लावा आणि बँकेत नेतानाही दोघं जा, वेगवेगळ्या घरांतले. ते सुरू करा, मग मी येते."

त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. काम जाणणाऱ्या माणसाची ती सूचना होती. त्या बोलत असतानाच महिलासभेतील त्यांची एक जुनी मैत्रीण वर्तुळ ओलांडून आली आणि काही न बोलता त्यांच्या शेजारी उभी राहिली. नंतर आणखी दोघी आल्या. समितीने तो नियम पुढच्याच बैठकीत मंजूर केला आणि आता मोजणीच्या यादीत बाईंचे नाव पुन्हा आहे.

माजी खजिनदारांचे काय करावे, यावर मंडळीत दोन मते होती. काहींना त्यांनी पुन्हा तोंड दाखवू नये असे वाटत होते. हा वाद मंडळीइतकाच जुना आहे. इ.स. 250 मध्ये रोमन सम्राट डेसियसच्या छळात ज्या ख्रिस्ती लोकांनी भीतीपोटी रोमन देवांना बळी अर्पण केले, त्यांना मंडळीने पुन्हा कधीही स्वीकारू नये असे रोममधील नोव्हेशियन हा धर्मगुरू म्हणत होता. तर उत्तर आफ्रिकेतील कार्थेजचे बिशप सिप्रियन आणि 251 सालची तिथली परिषद यांनी पश्चात्तापाच्या काळानंतर परतीची वाट मोकळी ठेवली. ती वाट दीर्घ होती, पण ती होती. प्रेषित पौलानेही करिंथ शहरातील मंडळीला दुसऱ्या पत्रात लिहिले की ज्याला पुरेसे शासन झाले आहे त्याला आता क्षमा करा आणि धीर द्या, नाहीतर तो अतिदुःखात बुडून जाईल. म्हणून आम्ही दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या. पैशांशी संबंधित कोणतेही काम त्यांच्याकडे यापुढे येणार नाही, आणि ते त्यांनी स्वतःहून मान्य केले. मात्र उपासनेत त्यांच्या शेजारची जागा रिकामी राहणार नाही, याची जबाबदारी समितीतील प्रत्येकाने पाळीपाळीने घेतली. क्षमा झाली म्हणजे किल्ली परत द्यायची असे नाही, आणि किल्ली दिली नाही म्हणजे क्षमा झाली नाही असेही नाही. ही गोष्ट मी तेव्हापासून प्रत्येक नव्या समितीला सांगतो.

काही प्रभुभोजने त्यांच्याविना झाली. मग एका रविवारी उपासनेच्या आधी बाई माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "त्यांना सांगा, आज मेजाकडे यावं. माझ्याकडून आता अडकलेलं काही नाही." तुम्ही स्वतः सांगाल का, असे मी विचारले. त्यांनी थोडा विचार केला आणि त्या स्वतः जाऊन सांगून आल्या. त्या दोघांत काय बोलणे झाले ते मी विचारलेले नाही.

बाईंचा मुलगा अजून चर्चमध्ये येत नाही. आईला रविवारी घरी बसलेले पाहत तो लहानाचा मोठा झाला आणि त्या काळात मंडळीतील कोणीही त्यांच्या दारी आले नाही, हे तो विसरलेला नाही. मी अधूनमधून त्याच्याकडे जातो. आम्ही त्याच्या कामाबद्दल बोलतो. उपासनेला येण्याविषयी मी विषय काढत नाही, आणि मागच्या भेटीत सचिवही माझ्यासोबत होते. त्यांना पाहून तो प्रथम काही बोलला नाही. सचिवांनी बसण्याआधी उभ्यानेच सांगितले की त्या वेळी तुमच्या घरी यायला हवे होते ते मी, आणि मी आलो नाही. त्याने दोघांना बसायला सांगितले.